टॉवरचा सांधा: बोल्टइतकंच भोकाकडेही बघा

शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या २२० केव्ही लाइनच्या टॉवरपाशी थांबून नीट पाहिलं, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. लोखंडी अँगल (काटकोनात दोन बाजू असलेल्या पट्ट्या) एकमेकांना चिकटवलेले नाहीत, बांधलेले आहेत. वेल्डिंग जवळजवळ कुठेच नाही. पायापासून शेंड्यापर्यंत सगळा भार बोल्टांमधून जातो, आणि एका टॉवरातले बोल्ट हजाराच्या घरात असतात.

वेल्डिंग टाळण्यामागे सरळ कारणं आहेत. टॉवरचा प्रत्येक अँगल कारखान्यात कापून, भोकं पाडून वितळलेल्या जस्तात बुडवलेला असतो. पाच मिलिमीटर किंवा त्याहून जाड अँगलवर दर चौरस मीटरला किमान ६१० ग्रॅम जस्त चढवावं लागतं. म्हणजे साधारण ८५ मायक्रॉनचा थर. हा थर पुढची कित्येक दशकं गंज थोपवतो. जागेवर वेल्डिंग केलं की नेमका सांध्यापाशीच तो जळून जातो. शिवाय टॉवर डोंगरावर, भातखाचरात, खाडीकाठी उभा करायचा असतो. तिथे सुटे अँगल खांद्यावर नेता येतात, अख्खा सांगाडा नेता येत नाही.

मग असा बोल्टांचा सांधा किती भार पेलतो? बहुतेकांचं उत्तर असतं, ‘बोल्ट दणकट असला की झालं.’ खरं तर चांगल्या टॉवरात बोल्ट हा सांध्यातला सगळ्यात कमजोर भाग क्वचितच असतो. सांधा हरतो तो बहुधा भोकापाशी, अँगलच्या टोकापाशी किंवा बोल्टांच्या संख्येपाशी. हे आकड्यांतच पाहायला हवं.

एक साधा सांधा, हिशोबासकट

टॉवरच्या तिरप्या सदस्याला ब्रेसिंग म्हणतात. समजा ६५×६५×५ मिमीचा अँगल ब्रेसिंग म्हणून वापरलाय आणि तो १६ मिमीच्या दोन बोल्टांनी टॉवरच्या उभ्या पायाच्या अँगलला जोडलाय. अँगल सौम्य पोलादाचा, म्हणजे २५० न्यूटन प्रति चौरस मिमी ताणाला कायमचा लांबू लागणारा आणि ४१० ला तुटणारा. बोल्ट ५.६ दर्जाचा. भारतातल्या टॉवरांत हा दर्जा सर्रास दिसतो. बोल्टच्या डोक्यावरच्या या आकड्याचा अर्थ सोपा आहे. पहिला ५ म्हणजे तुटण्याचा ताण ५०० न्यूटन प्रति चौरस मिमी, आणि .६ म्हणजे त्याच्या ६० टक्क्यांवर, म्हणजे ३०० ला, तो कायमचा लांबू लागतो.

अँगल ओढला गेला की दोन पत्रे बोल्टला कातरीच्या दोन पात्यांसारखे कापू पाहतात. याला शिअर म्हणतात. पोलाद कातरायला ते ओढून तोडण्यापेक्षा कमी जोर लागतो, साधारण ०.६२ पट. म्हणजे ५०० च्या जागी ३१०. सोळाच्या बोल्टचं पूर्ण क्षेत्रफळ २०१ चौरस मिमी, त्याला ३१० ने गुणलं की ६२ किलोन्यूटन होतात. बोली भाषेत ६.३५ टन. दोन बोल्टांचे मिळून १२.७ टन.

पण बोल्ट कापला जाण्याआधी तो भोकाच्या कडेवर दाबला जातो. पाच मिमी जाडीच्या पत्र्याला सोळा मिमी रुंदीचा बोल्ट टेकतो, म्हणजे दाब पडणारं क्षेत्र फक्त ८० चौरस मिमी. याला बेअरिंग म्हणतात. आयएस ८०२ या टॉवरच्या भारतीय मानकाच्या पद्धतीत सौम्य पोलादासाठी बेअरिंगचा कमाल ताण ४३६ न्यूटन प्रति चौरस मिमी धरतात. ८० गुणिले ४३६ केलं की येतात ३५ किलोन्यूटन, म्हणजे ३.५६ टन. दोन बोल्टांचे ७.१ टन.

बोल्ट १२.७ टन घ्यायला तयार आहे, पण भोकाची कड ७.१ टनांवरच लांबट व्हायला लागते. इथे ५.६ ऐवजी ८.८ दर्जाचे महाग बोल्ट टाकले, तरी सांध्याची ताकद एक किलोनेही वाढत नाही. जागेवर ‘जरा भारी बोल्ट टाका’ असा सल्ला ऐकू येतो, तेव्हा आधी पत्र्याची जाडी विचारावी.

मग तिसरी पायरी येते, खुद्द अँगल. त्याचं पूर्ण क्षेत्रफळ ६२५ चौरस मिमी. ते २५० ने गुणलं तर १५.९ टन होतात. पण १६ च्या बोल्टसाठी १७.५ मिमीचं भोक पडलेलं असतं, तेवढं लोखंड गेलं. शिवाय अँगलची एकच बाजू बोल्टला जोडलेली असते. दुसरी बाजू हवेत मोकळी. जोडलेल्या बाजूत शिरलेला ताण मोकळ्या बाजूपर्यंत पोहोचायला थोडं अंतर लागतं, त्यामुळे सांध्यापाशी मोकळी बाजू अर्धवटच कामाला येते. याचा हिशोब ठेवायला एक गुणक वापरतात. जोडलेल्या बाजूचं भोक वजा केलेलं क्षेत्रफळ २२५, मोकळ्या बाजूचं ३१२.५. तीन गुणिले २२५ म्हणजे ६७५, भागिले ६७५ अधिक ३१२.५, उत्तर ०.६८. म्हणजे मोकळ्या बाजूचं ६८ टक्केच लोखंड मोजायचं. एकूण उपयोगी क्षेत्रफळ साधारण ४३९ चौरस मिमी, ताकद ११.२ टन. अँगलचं तीस टक्के बळ सांध्यानेच खाल्लं.

आता तिन्ही आकडे समोर ठेवा. बोल्टचा काप १२.७, अँगलचा ताण ११.२, भोकाचा दाब ७.१. सांध्याची ताकद ७.१ टन, कारण साखळी तिच्या सगळ्यात कमजोर कडीइतकीच असते. तिसरा बोल्ट घातला की भोकांचा दाब १०.७ टनांवर जातो आणि सांधा अँगलच्या ताकदीच्या जवळ येतो. चौथा घातला तर भोकं १४.२ टन पेलतील, पण अँगल ११.२ लाच हरेल. तो चौथा बोल्ट वाया गेला. डिझायनरचा खरा कस इथे लागतो. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आणायचे.

बोल्ट १६ ऐवजी २० चा घेतला तर? दाब पेलणारं क्षेत्र वाढतं, दोन बोल्टांत ८.९ टन मिळतात. पण भोक २१.५ मिमीचं होतं आणि अँगलचं बळ १०.५ टनांवर उतरतं. एकीकडे मिळालेलं दुसरीकडे थोडं द्यावं लागतं.

टोकापाशी उरलेलं लोखंड

चौथा हिशोब जागेवर सगळ्यात जास्त चुकतो. शेवटच्या भोकापासून अँगलच्या टोकापर्यंत किती लोखंड उरलंय? ते कमी असेल तर बोल्ट टोकाकडचा तुकडा फाडून बाहेर येतो. कागदाला पंचने अगदी कडेला भोक पाडून फायलीत लावला तर कागद फाटतो ना, तसंच.

अमेरिकेच्या एएससीई १० या टॉवरच्या मानकात यासाठी एक सोपं सूत्र आहे. भोकाच्या मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर किमान इतकं हवं: भार गुणिले १.२, भागिले पत्र्याचा तुटण्याचा ताण आणि जाडी यांचा गुणाकार. वरच्या उदाहरणात एका बोल्टवर ३५ किलोन्यूटन आले तर साडेवीस मिमी अंतर लागतं. २५ मिमी ठेवलं असेल तर काळजी नाही. पण भोक पाडताना अँगल सरकला, किंवा जागेवर बसत नाही म्हणून टोक थोडं कापलं आणि अंतर १५ मिमी राहिलं, तर तोच बोल्ट २५.६ किलोन्यूटनलाच पत्रा फाडतो. म्हणजे २.६ टन. एक चतुर्थांशाहून जास्त ताकद गेली, आणि खालून बघणाऱ्याला बोल्ट व्यवस्थित बसलेला दिसतो. १५ मिमीतून भोकाची त्रिज्या ८.७५ वजा केली तर प्रत्यक्ष उरलेलं लोखंड सव्वासहा मिमी आहे. हे पट्टीने मोजता येतं. तपासणीत पट्टी नेहमी बरोबर असावी.

बोल्टांमधल्या अंतराचंही तसंच. दोन बोल्टांच्या मध्यांमध्ये बोल्टच्या व्यासाच्या किमान अडीच पट अंतर हवं. सोळाच्या बोल्टला ४० मिमी. अंतर कमी झालं तर मधला तुकडा फाटतो, शिवाय पान्याला जागाही उरत नाही.

गसेट प्लेटच्या, म्हणजे अँगल एकत्र जोडणाऱ्या सपाट पत्र्याच्या, कोपऱ्यावर बरेच बोल्ट जवळजवळ असले, तर अख्खा कोपराच एका तुकड्यात सुटू शकतो. एका रेषेवर पत्रा कापला जातो आणि दुसऱ्या रेषेवर ओढून तुटतो. एकेका बोल्टचा हिशोब बरोबर असूनही हे घडू शकतं, म्हणून गसेटची ही तपासणी वेगळी करावी लागते.

आटे कुठे आले?

वर बोल्टचं क्षेत्रफळ २०१ धरलं ते गुळगुळीत दांड्याचं. आटे पाडलेल्या भागात तेच १५७ उरतं. म्हणजे दोन पत्र्यांची जोडरेषा आट्यांवर आली तर ताकद बावीस टक्क्यांनी घसरते. म्हणून टॉवरचे बोल्ट साध्या दुकानातल्या बोल्टांपेक्षा वेगळे असतात. भारतात त्यांच्यासाठी आयएस १२४२७ हे स्वतंत्र मानक आहे. आटे आखूड, गुळगुळीत दांडा लांब, म्हणजे कापाची रेषा नेहमी गुळगुळीत भागावर येते.

पण त्यासाठी लांबी नेमकी निवडावी लागते. पाच-पाच मिमीचे दोन पत्रे असतील तर पकड १० मिमी. त्यावर स्प्रिंग वॉशर ३.५, नट साधारण १६, आणि नटाबाहेर ३ ते ८ मिमी आटे दिसायला हवेत. बेरीज साडेबत्तीस ते साडेसदतीस. ३५ मिमीचा बोल्ट बरोबर बसतो.

समजा ३५ चे संपले आणि पोत्यातून ४० चा उचलला. आता गुळगुळीत दांडा पत्र्यांच्या बाहेर येतो. नट फिरत फिरत आट्यांच्या शेवटाला पोहोचतो आणि तिथे अडतो. पाना कडक लागतो, कामगाराला वाटतं बोल्ट आवळला, पण पत्रे सैलच आहेत. टॉर्क पानाही (ठरलेल्या पिळाच्या जोराला आवळणारा पाना) इथे फसतो, कारण नट जोर घेतोय तो पत्र्यांवर नाही, आट्यांच्या टोकावर. नटाबाहेर ८ मिमीपेक्षा जास्त आटे दिसले तर हीच शंका घ्यावी आणि वॉशरला हातोडीने हलकं ठोकून बघावं. वाजला किंवा हलला, तर बोल्ट बदलायचा.

उलट आखूड बोल्ट लावला तर आटे कापरेषेत येतात आणि नटाची पकडही अर्धवट राहते. नटात बोल्टचे सगळे आटे भिडलेले असतील तरच नट आपलं काम करतो. गॅल्व्हनाइझ केलेल्या बोल्टांवर हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा आहे. बोल्टच्या आट्यांवर जस्ताचा थर चढलेला असतो, म्हणून नटाचे आटे मुद्दाम थोडे मोठे पाडतात. तेवढी त्यांची पकड आधीच थोडी उथळ झालेली असते. त्याच कारणाने एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसवू नये. तो हाताने सहज फिरतो म्हणून बरा वाटतो, पण ताण आला की आटे सोलून निघतात.

आवळण्याचा खरा उपयोग

बोल्ट जितका घट्ट तितका सांधा मजबूत, हा समज फार पक्का आहे. आकडे वेगळं सांगतात.

सोळाच्या ५.६ बोल्टला कायमचा न लांबवता देता येणारा ताण साधारण ४४ किलोन्यूटन. त्याच्या सत्तर टक्के, म्हणजे ३१ किलोन्यूटन, आवळताना द्यायचे असं धरू. जस्त चढवलेल्या दोन पत्र्यांमधलं घर्षण ०.२ धरलं तर या आवळण्यामुळे सांधा घर्षणावर फक्त ६ किलोन्यूटन धरतो. सहाशे किलोच्या आसपास. आणि हिशोबात या बोल्टवर साडेतीन टन येणार आहेत. म्हणजे मोठ्या वादळात पत्रे घसरणारच, बोल्ट भोकाच्या कडेला जाऊन टेकणारच, आणि मगच भार पेलला जाणार. टॉवरचा सांधा असाच डिझाइन केलेला असतो. घर्षणाचा विश्वास धरलेला नसतो.

भोक बोल्टपेक्षा दीड मिमी मोठं असल्याने हे घसरणं एका सांध्यात दीड मिमीपर्यंत जाऊ शकतं. एका सांध्यात ते काहीच नाही. पण खालपासून वरपर्यंत अनेक सांधे घसरले की टॉवरचा शेंडा संगणकाच्या हिशोबापेक्षा जास्त झुकतो. टॉवरची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी करून दोरांनी ओढतात, तेव्हा हा फरक दिसतो. अशी चाचणी केंद्रं बेंगळुरूला सीपीआरआय या वीज संशोधन संस्थेकडे, चेन्नईला सीएसआयआर-एसईआरसी या बांधकाम संशोधन संस्थेकडे आणि नागपूरजवळ बुटीबोरीलाही आहेत. भार ५०, ७५, ९०, ९५ आणि १०० टक्के अशा पायऱ्यांनी चढवतात, प्रत्येक पायरीवर थांबून अँगल वाकले का, भोकं लांबली का ते पाहतात. पूर्वीच्या रिव्हेटच्या बांधकामात हे घसरणं नव्हतं, कारण लाल तापलेला रिव्हेट ठोकताना भोक पूर्ण भरून जायचा.

मग आवळायचं कशासाठी? सैल सांधा रोजच्या वाऱ्याने हलत राहतो. वारा दोन्ही बाजूंनी येतो, त्यामुळे तोच ब्रेसिंग आज ओढला जातो, उद्या दाबला जातो. बोल्ट भोकात मागेपुढे आपटतो, जस्त घासून निघतं आणि नट हळूहळू उलटा फिरतो. आडव्या हलण्याने नट स्वतःहून सुटतो हे जर्मन अभियंता गेऱ्हार्ड युंकर यांनी १९६९ साली यंत्रावर दाखवून दिलं. घट्ट आवळणं हा त्यावरचा पहिला उपाय, कारण रोजच्या वाऱ्यात ते सहाशे किलोचं घर्षण पुरेसं असतं. स्प्रिंग वॉशर मदतनीस आहे, पण तो पूर्ण दाबला गेला की साध्या वॉशरसारखाच वागतो.

किती आवळायचं याचा अंदाज असा: ३१ किलोन्यूटन गुणिले १६ मिमी गुणिले ०.२, म्हणजे साधारण १०० न्यूटन-मीटर. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला दहा किलोचा जोर. तीस सेंटिमीटरच्या पान्यावर ते तेहतीस किलो होतात, धडधाकट माणसाचा नीट दिलेला जोर. आता त्याच माणसाने पान्याला एक मीटरचा पाइप लावला आणि तेवढाच जोर दिला तर टॉर्क तिपटीहून जास्त होतो. बोल्टमधला ताण शंभर किलोन्यूटनकडे निघतो, आणि हा बोल्ट ७८ लाच तुटतो. तुटला तर बरंच म्हणायचं, कारण तो दिसतो. अर्धवट लांबून राहिलेला बोल्ट जास्त धोक्याचा. त्याचे आटे ताणलेले असतात आणि नट पुन्हा फिरवला तर मधेच अडतो. पान्याला पाइप लावायचा नाही, हा नियम म्हणूनच कडक पाळावा.

वरचा ०.२ हा गुणक आट्यांच्या अवस्थेवर बदलतो. आट्यांवर जस्ताचे गोळे असतील किंवा माती लागली असेल तर पान्याचा बराच जोर घासण्यातच जातो आणि पत्र्यांपर्यंत पोहोचत नाही. नट हाताने शेवटपर्यंत फिरायला हवा. फिरत नसेल तर बोल्ट बाजूला ठेवा.

आणखी एक गोष्ट बरेचजण विसरतात. पत्र्यांच्या मधला जस्ताचा थर मऊ असतो, दाबाखाली तो थोडा बसतो आणि आवळलेला ताण पहिल्या काही दिवसांतच कमी होतो. म्हणून एकदा आवळून काम संपत नाही. टॉवर उभा करताना आधी सगळे बोल्ट जेमतेम घट्ट करतात, म्हणजे सांध्यांना जुळवून घ्यायला जागा राहते. पूर्ण टॉवर उभा झाल्यावर शेवटचं आवळणं वरून खाली करत यायचं. चार माणसं लावायची, प्रत्येकाने एक पाय आणि त्याच्या डाव्या हाताची बाजू घ्यायची, आणि चौघांनी एकाच पातळीवर राहायचं. ही पद्धत जुनी आहे आणि चांगली आहे, कारण एक बाजू आधी आवळली तर टॉवर तेवढाच पीळ घेऊन बसतो. तारा ओढायचं काम यानंतरच.

दोन बोल्ट आणि वाकणारा अँगल

ही गोष्ट बाहेर फारशी बोलली जात नाही, पण टॉवरच्या डिझाइनमध्ये तिचं वजन मोठं आहे. सांधा फक्त भार एका अँगलमधून दुसऱ्यात पोहोचवत नाही. दाबाखाली अँगल किती लवकर वाकेल, हेही तोच ठरवतो.

लांब, बारीक काठी दोन्ही टोकांनी दाबली तर ती मधे वाकते. टोकं बिजागरीसारखी मोकळी असतील तर लवकर, घट्ट धरलेली असतील तर उशिरा. एका बोल्टवर जोडलेला अँगल त्या बोल्टभोवती फिरू शकतो, म्हणजे बिजागरीच. दोन बोल्ट असतील तर फिरणं अडतं. टॉवरच्या मानकांनी हे आकड्यांत बांधलंय. ब्रेसिंगची लांबी आणि त्याच्या जाडपणाचं गुणोत्तर १८० आहे असं समजा. (ब्रेसिंगला कमाल मर्यादा २००.) दोन्ही टोकांना एकेकच बोल्ट असेल तर हिशोबात १८० च धरायचे. दोन्ही टोकांना दोन किंवा जास्त बोल्ट असतील आणि ज्याला जोडलंय तो अँगलही तेवढा मजबूत असेल, तर ४६.२ अधिक १८० चे ०.६१५ पट धरता येतात. म्हणजे १५७. अशा बारीक अँगलची दाब पेलण्याची ताकद या आकड्याच्या वर्गाच्या उलट प्रमाणात चालते. १८० भागिले १५७, त्याचा वर्ग, साधारण १.३. केवळ एकाऐवजी दोन बोल्ट लावल्याने तोच अँगल तीस टक्के जास्त दाब घेतो.

आता उलट बाजू पाहा. डिझाइनमध्ये दोन बोल्ट धरलेत आणि जागेवर एक भोक जुळलं नाही म्हणून एकच लावला. ओढण्याच्या हिशोबात निम्मं बळ गेलंच, शिवाय दाबाचंही घसरलं. वादळात वारा उलटला की तो अँगल मधेच धनुष्यासारखा वाकेल, आणि नंतर पाहणारे म्हणतील अँगल कमी पडला.

भोकं न जुळणं

भोक जुळत नाही याचं मूळ बहुतेक वेळा पायाभरणीत असतं. काँक्रीटमध्ये गाडलेले चार स्टब (पायांचे सगळ्यात खालचे तुकडे) पातळीत किंवा अंतरात चुकले की वरची प्रत्येक चौकट थोडी तिरकी होते, आणि वीस मीटरवर जाऊन भोकं दोन-तीन मिमी सरकलेली दिसतात. ड्रिफ्ट हा निमुळता दांडा भोकं एका रेषेत आणायला वापरतात. हलक्या हाताने ठीक आहे. घणाने ठोकून आत घातला तर भोक लंबगोल होतं आणि कडेचा पत्रा चिरतो. गॅसने भोक मोठं करणं तर पूर्ण बंदच हवं. कड जळते, जस्त जातं, आणि बोल्ट मोठ्या वेड्यावाकड्या भोकात एका टोकावर टेकतो. योग्य उपाय महाग पडतो. स्टबची चूक शोधायची, नाहीतर तो अँगल नव्या भोकांसह कारखान्यातून मागवायचा.

कारखान्यातही भोकाला इतिहास असतो. पंचने पाडलेल्या भोकाची कड ठोकल्यामुळे कडक आणि ठिसूळ होते, वर बारीक चिरा पडतात. पातळ अँगलला हे चालतं. जाड पत्र्याला, साधारण १२ मिमीच्या पुढच्या, भोक ड्रिलनेच पाडावं. भोकाच्या कडेचा कोंब (वर आलेली धार) घासून काढला नाही तर दोन पत्रे एकमेकांना सपाट टेकत नाहीत, मग आवळण्याचा ताण त्या कोंबावरच अडकतो.

पायाच्या मुख्य अँगलचे जोड वेगळ्या पद्धतीचे असतात. एकाच्या पोटात दुसरा अँगल बसवून जोडला तर बोल्ट एकाच रेषेवर कापला जातो. आतून आणि बाहेरून क्लीट (जोडाचे छोटे तुकडे) लावून जोडला तर दोन रेषांवर, म्हणजे तोच १६ चा बोल्ट ६.३५ ऐवजी १२.७ टन घेतो. पायात दाब असतो म्हणून अँगलची टोकं एकमेकांवर टेकलेली आहेत आणि भार तसाच खाली जाईल, असं धरायचं नसतं. वारा फिरला की तोच पाय उपसला जातो. सगळा भार बोल्टांनीच न्यायचा, असाच हिशोब करतात.

गंज आणि चोरी

बोल्टवरचं जस्त अँगलवरच्या जस्तापेक्षा पातळ असतं, नाहीतर आटे बसणारच नाहीत. त्यामुळे कोकणकिनाऱ्यावरच्या खारट हवेत आधी बोल्टांची डोकी तांबूस होतात. हे डोळ्यांना दिसतं, म्हणून त्याची भीती कमी. दोन पत्र्यांच्या मधे पाणी मुरून धरलेला गंज जास्त वाईट. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो पत्रे आतून उचलतो, बोल्टला ताणतो आणि गसेटची कड फुगवतो. सांध्याच्या कडेला दोन पत्र्यांमधे फट दिसू लागली की बाहेरून रंग मारून उपयोग नाही, सांधा उघडून साफ करावा लागतो.

चोरीचा मार त्याहून सरळ. खालचे लहान अँगल कुणालाही बिनकामाचे वाटतात. हिशोबातही त्यांच्यावर मुख्य अँगलच्या भाराच्या अडीच टक्केच येतात. पण ते पायाला मधे धरून ठेवतात. एक काढला की पायाची मोकळी लांबी दुप्पट होते, आणि बारीक पायाची दाब पेलण्याची ताकद चौथाईपर्यंत उतरू शकते. म्हणून खालच्या क्रॉस-आर्मपर्यंत (तारा धरणाऱ्या आडव्या हातापर्यंत) चोरीरोधक बोल्ट लावतात किंवा नट वेल्डने टाचून वर जस्ताचा रंग देतात. टाचण्याआधी बोल्ट पूर्ण आवळलेला असायला हवा. सैल टाचलेला नट पुढे कुणालाच आवळता येत नाही.

चालू लाइनवर जुना बोल्ट बदलायचा असेल तर शांत वाऱ्याचा दिवस निवडावा आणि एका सांध्यात एका वेळी एकच बोल्ट काढावा. आधी शेजारचे आवळून घ्यायचे, मग गंजलेला काढायचा, भोक तारेच्या ब्रशने साफ करून मोजायचं. ते १७.५ च्या बरंच पुढे गेलं असेल किंवा लंबगोल झालं असेल, तर नवा बोल्ट तिथे जुन्या बोल्टचं काम करणार नाही. तो अँगल किंवा ती गसेट बदलायच्या यादीत टाकायची, आणि तोवर नव्या बोल्टचा नट ठरलेल्या टॉर्कला आवळूनच पुढच्या बोल्टला हात लावायचा.